हातानं गाठ जात नाही

मारेगावच्या आसपास धर्मपाल गुरुजींना ओळखत नाही असा माणूस कमी. शाळेत ते विज्ञान शिकवायचे, पण नाव झालं ते दुसऱ्याच कामानं. सुट्टी आली की स्कूटरला पेटी बांधून ते गावोगाव, तांड्यांवर, कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर जायचे. जळता कापूर तळहातावर घ्यायचे, लिंबातून रक्त काढायचे, मंत्र म्हणून होम पेटवायचे, आणि लोक पुरते थक्क झाले की हे कसं केलं ते फोडून सांगायचे. मागच्या सीटवर त्यांची बायको सत्यभामा असायची. ती अंगणवाडीत नोकरीला होती. पेटीतल्या बाटल्या तीच क्रमानं लावून द्यायची. गुरुजींचं बोलणं झालं की बायका तिच्याभोवती जमायच्या आणि गुरुजींना विचारायची लाज वाटते ते तिला विचारायच्या.

दोघंही निवृत्त झाली. मुलगा धम्मदीप हैदराबादला कंपनीत लागला. घरात दोघंच उरली, आणि त्या उन्हाळ्यात सत्यभामाचं पोट फुगायला लागलं. गॅस झाला म्हणून तिनं ओवा खाल्ला, गोळ्या खाल्ल्या. लुगडं कमरेला आवळायला लागलं तेव्हा वणीला नेऊन सोनोग्राफी केली. तिथून यवतमाळ. अंडाशयाचा कॅन्सर होता आणि पोटभर पसरला होता. आधी किमो देऊ, आजार आवरला तर ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणाल्या.

गुरुजींनी मिळेल ते सगळं वाचून काढलं. पेशी म्हणजे काय, त्या बेताल कशा वाढतात, औषध त्यांना कसं मारतं, हे त्यांनी सत्यभामाला पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यानं दुखते का हो?" गुरुजी दुष्परिणाम एकेक करून सांगायला लागले. अर्ध्यातच ती उठली आणि कणीक भिजवायला गेली.

यवतमाळच्या त्या दवाखान्यात किमोसाठी एक लांबट खोली होती. खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येक खुर्चीशेजारी सलाईनचा स्टँड. पहिल्याच खेपेला सत्यभामाला तिथं भैरवीताई दिसल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, सुती साडी, केस अगदी बारीक. काही वर्षांपूर्वी त्या स्वतः त्याच खुर्च्यांवर बसल्या होत्या. बऱ्या झाल्यावर नागपूरला जाऊन त्या रेकी शिकल्या, आणि आता ज्याला हवं असेल त्याच्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवून शांत बसायच्या. कोणाकडून काही घ्यायच्या नाहीत. त्यांची अट एकच होती, आणि ती त्या आधीच सांगून टाकायच्या. ज्यानं उपचार सोडला, त्याच्यावर त्या हात ठेवत नसत.

शेजारच्या खुर्चीवरची बाई भैरवीताईंच्या हाताखाली लहान मुलासारखी झोपली, ते सत्यभामानं पाहिलं. परतीची बस करंजी गावात थांबली. तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या वेळी मीही त्या ताईले बोलवतो."

गुरुजींना आधी ती गंमत करते आहे असं वाटलं. नाही हे कळल्यावर ते खूप बोलले. कुठली शक्ती, ती कोणी मोजली, हातातून निघते तर दिसत का नाही. इतकी वर्षं आपण गावागावात ज्याच्याविरुद्ध बोललो तेच आपल्या घरात आणायचं का? बसमधली माणसं वळून पाहायला लागली. सत्यभामा खिडकीबाहेर बघत राहिली. मारेगावला उतरल्यावर एवढंच म्हणाली, "तुम्ही मले सगळं समजावून सांगतलं. मले काय पाह्यजे ते नाही विचारलं."

गुरुजींनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर वयानं तरुण होत्या, तोलून बोलायच्या. त्या म्हणाल्या की किमो वेळेवर व्हायला हवा, रक्त तपासणी वेळेवर, गोळी एकही चुकता कामा नये. एवढं सांभाळून कोणी हात ठेवत असेल आणि पेशंटला बरं वाटत असेल तर त्यांची हरकत नाही. पण त्यानं आजार बरा होतो असं त्या म्हणणार नाहीत, आणि कोणी म्हटलं तर ऐकू नका. गुरुजींना नकार हवा होता. तो मिळाला नाही.

दुसऱ्या किमोला भैरवीताई सत्यभामाजवळ बसल्या. गुरुजी व्हरांड्यात उभे राहिले. अधूनमधून दारातून पाहत होते. धूर नाही, अंगारा नाही, मंत्र नाही. दोन बायका डोळे मिटून बसलेल्या, एकीचे हात दुसरीच्या कपाळावर. पकडून दाखवावं असं त्यात काही सापडेना, त्यामुळे त्यांची चिडचिड वाढली.

त्या खेपेला सत्यभामाला उलट्या कमी झाल्या. घरी आल्यावर ती गाढ झोपली. ज्वारीची भाकर दुधात कुस्करून खाल्ली. धम्मदीपचा फोन आला तेव्हा ती उत्साहानं त्याला सांगत होती, भैरवीताईच्या हातानं माही मळमळ गेली म्हणून. गुरुजी समोर मोसंबं सोलत बसले होते. फोन झाल्यावर त्यांनी सुरी खाली ठेवली आणि तिला समजावलं. या वेळी डॉक्टरांनी उलटीची नवी गोळी दिली आहे, तिचा हा गुण. राहिलेलं मनाचं. साखरेची गोळी औषध म्हणून दिली तरी कितीतरी माणसांना उतार पडतो, याचे प्रयोग झाले आहेत. ते शांतपणे, प्रेमानं बोलले. त्यात चुकीचं काही नव्हतं.

"असं होय," सत्यभामा म्हणाली.

पुढच्या खेपेला भैरवीताई जवळ आल्या तेव्हा ती म्हणाली, "आज राहू द्या, ताई." त्या काही न विचारता पुढच्या खुर्चीकडे गेल्या. घरी आल्यावर सत्यभामाला ओकाऱ्यांनी हैराण केलं. गोळी तीच होती. पाणी पोटात ठरेना. रात्र रात्र ती भिंतीला टेकून बसायची, आणि गुरुजी बादली धरून. औषध अंगात साठत जातं, शरीर थकत जातं, तिसऱ्या खेपेला त्रास वाढायचाच, असं गुरुजींनी स्वतःला सांगितलं. तेही खरं होतं. पण आपण त्या दिवशी गप्प बसलो असतो तर काय झालं असतं, हे आता कोणत्याच प्रयोगानं कळणार नव्हतं.

मध्यंतरी तपासण्या झाल्या. आजार आवरला नव्हता, ऑपरेशन जमणार नव्हतं. डॉक्टरांनी औषध बदललं. गुरुजींनी किमोच्या खोलीत भैरवीताईंना शोधलं, त्या नव्हत्या. मग पत्ता विचारत ते त्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं, भिंतीचा आधार घेत. डोक्याला रुमाल होता. आजार हाडात परत आला होता आणि त्यांचे उपचार आता नागपूरला सुरू होते.

गुरुजी उभ्या उभ्याच म्हणाले की मला माहीत नव्हतं, मी जातो. भैरवीताईंनी त्यांना बसवलं. कशाला आलात ते विचारलं. सत्यभामासाठी बोलवायला आलो होतो, असं गुरुजींनी सांगितलं.

"सर, तुमचा यावर विश्वास बसला का?"

"नाही."

"मग?"

"तिला झोप लागत होती," गुरुजी म्हणाले.

भैरवीताईंनी डोक्याचा रुमाल सारखा केला. मग म्हणाल्या, मला आता प्रवास होत नाही, पण तुम्हाला दाखवते. आधी डोक्यावर, मग डोळ्यांवर, छातीवर, शेवटी पोटावर. दाब द्यायचा नाही. हात गार असतील तर आधी चोळून घ्यायचे. गुरुजींनी विचारलं की यासाठी दीक्षा लागते असं ऐकलं आहे. त्या हसल्या. "तुमच्या घरात एकच दीक्षा चालते, धम्माची, ते मला माहीत आहे. तुम्ही नुसते हात ठेवा. आणि हात ठेवलेले असताना तिला काही समजावून सांगू नका."

घरी येऊन गुरुजींनी हे सत्यभामाला सांगितलं तेव्हा ती कितीतरी दिवसांनी हसली. हसताना पोट दुखलं म्हणून पोट धरून हसली. "तुम्ही? तुम्ही ठेवता हात?"

"मी ठेवतो."

दुपारची वेळ होती. गुरुजी खाटेच्या कडेला बसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस गेले होते, कातडी कोवळी आणि गरम लागली. इतक्या वर्षांच्या संसारात दिवसाउजेडी, दार उघडं असताना त्यांनी तिला असा हात कधी लावला नव्हता. कुठे बघावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी डोळे मिटले. डोक्यावरून डोळ्यांवर, मग छातीवर, मग पोटावर.

"तुमाले काही जाणवते का?" तिनं विचारलं.

"नाही." मग बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "पाणी वाढलं पोटातलं. ते जाणवते."

"ते मलेही जाणवते," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं तिचा डोळा लागला.

तेव्हापासून रोज दुपारी ते हात ठेवायला लागले. किमो चालू होता, गोळ्या चालू होत्या, यवतमाळच्या खेपा चालू होत्या. दुखणं हटलं नाही. पण त्या वेळात ती कण्हत नसे. कधी बोलायची, कुठल्या पोडावर पेटी उघडली आणि आतली बाटली फुटलेली निघाली, धम्मदीप लहानपणी खडीसाखर समजून कापूर कसा खायला निघाला. गुरुजी हो हो म्हणायचे. काही समजावून सांगत नसत.

खिडकी रस्त्याकडे होती. कोणीतरी पाहिलं आणि गावभर झालं की गुरुजी बायकोवर मंतर टाकून राह्यले. ज्यांना त्यांनी कधीकाळी भर चौकात उघडं पाडलं होतं, त्यांना आनंद झाला. इतकी वर्षं त्यांच्यासोबत काम केलेले सदाशिवराव एकदा येऊन गेले. सत्यभामाची चौकशी केली, मग खाली बघत विचारलं की लोक म्हणतात ते खरं का? गुरुजी म्हणाले, हात ठेवतो हे खरं, मंत्र नाही. सदाशिवराव चहा न घेताच गेले, पुन्हा आले नाहीत.

पावसाळा सरता सरता डॉक्टरांनी गुरुजींना एकट्याला आत बोलावलं. किमोचा आता उपयोग नाही, त्रास मात्र होईल. वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या देते, त्या वेळेवर द्या, घाबरू नका. घरीच ठेवा. किती दिवस, ते गुरुजींनी विचारलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर येऊन गुरुजी सत्यभामाला म्हणाले की किमोला काही दिवस सुट्टी आहे. जन्मभर प्रत्येक गोष्ट समजावून सांगणाऱ्या माणसानं हे मात्र सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

अशात एका दुपारी रूपसिंग आला. तांड्यावरचा, गुरुजींच्या हाताखाली शिकलेला, आता मालाची गाडी चालवायचा. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसेना, खालीच बसला. आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता आणि पडद्यामागे खाटेवर सत्यभामा पडून होती.

रूपसिंगच्या बायकोच्या, लालीबाईच्या छातीत गाठ निघाली होती. तुकडा काढून तपासला, कॅन्सरच निघाला. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. लालीबाई भ्याली. एकदा कापलं की आजार अंगभर पसरते, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. रूपसिंगही भ्याला. ते गेलेच नाहीत.

"गुरुजी, तुम्ही बाईवर हात ठेवता म्हणे," तो म्हणाला. "लालीवर ठेवा. नाही तं मले शिकवा. दुसऱ्या कोणी सांगतलं असतं तं मी मानलं नसतं. लहानपणी तुम्हीच आमाले दाखवलं, सारे बाबा खोटे असते म्हणून. आता तुम्हीच करून राह्यले म्हणजे त्याच्यात काही असनच."

गुरुजींनी त्याला सांगायला सुरुवात केली. हे औषधासोबत करायचं असतं, औषध सोडून नाही, ज्या बाईकडून मी शिकलो तिची तीच अट होती. रूपसिंग मान हलवत होता, पण ऐकत होता ते वेगळंच. "मंजे फरक पडते ना? बाईले पडला ना?"

गुरुजींनी पडद्याकडे पाहिलं. आतून काही आवाज नव्हता. बाहेर चल म्हणावं, अंगणात जाऊन सांगावं, असं त्यांच्या मनात आलं असेल. पण रूपसिंग त्यांच्या तोंडाकडे असा पाहत होता की उठेपर्यंत त्याला हवं ते उत्तर त्यानं घेतलं असतं.

"हातानं गाठ जात नाही, रूपसिंग," गुरुजी म्हणाले. "मी रोज ठेवतो. माह्या बायकोची गेली नाही. ती वाचत नाही आता. लालीबाई वाचू शकते. तिले घेऊन जा."

 रूपसिंग हळूच म्हणाला, "मंग तुम्ही कायले ठेवता?"

"तिले थोडं बरं वाटते म्हणून. तेवढ्यासाठीच."

उद्या सकाळी निघू, मी स्वतः येतो, डॉक्टरांशी मी बोलतो, असं सांगून त्यांनी त्याला पाठवलं. मग ते पडद्यापाशी गेले. सत्यभामा भिंतीकडे तोंड करून होती.

"कधीपासून माहीत होतं तुमाले?" तिनं विचारलं.

"मागच्या वेळी डॉक्टर बोलल्या तेव्हापासून."

"मले नाही सांगतलं."

"नाही."

"रूपसिंगले सांगतलं."

 गुरुजी खाटेजवळ गेले तेव्हा तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. त्या दिवशी तिनं हात ठेवू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी तिची बहीण तुळसाबाई हिला घरी बसवून गुरुजी यवतमाळला गेले. रूपसिंगच्याच गाडीत तिघं बसले.  दवाखान्यात लालीबाईनं गुरुजींना एकच विचारलं, कापल्यावर पसरते का? नाही, असं गुरुजींनी सांगितलं. कसं नाही, ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिला तेवढं पुरेसं होतं. पुढची तारीख लवकर मिळाली.

घरी परतायला दिवस मावळला. सत्यभामा जागी होती.

"नेलं का लालीबाईले?"

"नेलं. ऑपरेशन ठरलं."

तिनं पोटावरची चादर बाजूला केली. "ठेवा," म्हणाली. गुरुजींनी हातपाय धुतले, तळवे एकमेकांवर चोळले आणि ठेवले. डोळे मिटूनच ती म्हणाली, "धम्मदीपले बोलवून घ्या आता. तुम्ही सांगू नका, मी सांगतो."

धम्मदीप आला आणि राहिला. फोनवर ती स्वतःच बोलली होती, तिनं त्याला काय सांगितलं ते गुरुजींनी कधी विचारलं नाही. मॉर्फिनमुळे ती बराच वेळ झोपलेली असायची. हात ठेवलेला तिला कळतो की नाही, हे गुरुजींना शेवटी शेवटी कळेना, तरी ते ठेवायचे. ती गेली तेव्हा मात्र ते तिच्याजवळ नव्हते. सकाळची वेळ, गोळ्या संपत आल्या म्हणून ते आणायला निघाले होते. स्टँडवर बसची वाट पाहत असताना धम्मदीपचा फोन आला.

विहारात भन्तेजींनी परित्राण पाठ घेतला. माणसं खूप आली. सदाशिवरावही आले आणि मागे बसून गेले. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत कोणीतरी गुरुजींना चार शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, बायका बसल्या होत्या त्या बाजूला पाहिलं आणि न बोलताच खाली बसले. काही दिवसांनी त्यांनी भैरवीताईंना फोन लावला. त्यांच्या यजमानांनी उचलला. त्या नागपूरलाच वारल्या होत्या, सत्यभामाच्या आधी.

लालीबाईचं ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर किमो सुरू करायचा होता. पहिल्या खेपेला रूपसिंग गुरुजींना न्यायला आला. तुमाले तिथलं सारं माहीत आहे, म्हणाला. गुरुजींना जावंसं वाटत नव्हतं. गेले.

तीच लांबट खोली होती. लालीबाईला ओळीतली मधली खुर्ची मिळाली. सुई लागली तेव्हा तिनं ओठ दाबून धरले. रूपसिंगला ते पाहवेना, तो बाहेर जाऊन उभा राहिला. सलाईन थेंबाथेंबानं सुरू झालं.  लालीबाईनं शेजारी उभ्या असलेल्या गुरुजींकडे पाहिलं.

"गुरुजी," ती म्हणाली, "बाईवर ठेवत होते तसा ठेवा ना हात."

गुरुजी तिच्या खुर्चीजवळ सरकले. तिच्या डोक्यावर फुलाफुलांचा पदर होता. हात उचलायला ते गेले, पण तो उचललाच गेला नाही.  मग बाहेर येऊन त्यांनी रूपसिंगला दंडाला धरून आत आणलं.

"तू ठेव," ते म्हणाले. "डोक्यावर. दाबू नको."

रूपसिंगनं गोंधळून आधी त्यांच्याकडे आणि मग बायकोकडे पाहिलं. आपला जाडाभरडा हात शर्टाला पुसला. तो तिच्या डोक्यावर कसा टेकवतो हे पाहायला गुरुजी थांबले नाहीत. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. आत सलाईन संपायला बराच वेळ होता, आणि तेवढा वेळ ते तिथंच बसून राहिले.